भोंग्याचं रेकॉर्डिंग कुणाकडे आहे?

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नसे. आई तवा टाकायची ती गिरणीच्या भोंग्यावर, वडील सायकल बाहेर काढायचे ती भोंग्यावर. मी अंथरुणात लोळत राहिलो की आजी ओरडायची, "दुसरा भोंगा झाला की बे, ऊठ!" सोलापुरात पन्नाशीच्या पुढच्या माणसापाशी गिरण्यांचा विषय काढून बघा. पगार, संप, मालक हे सगळं तो नंतर सांगेल. आधी भोंगा सांगेल.

मागच्या वर्षी एका मित्राच्या मुलीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी तो आवाज हवा होता. अर्धं मिनिट पुरलं असतं. मी छातीठोकपणे म्हटलं, आणून देतो. मग विचारत सुटलो. गिरणीतून निवृत्त झालेले काका, त्यांची मुलं, लग्नांच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये आयुष्य घालवलेले एक गृहस्थ, नव्या पेठेत एके काळी कॅसेटी भरून देणारा दुकानदार. वीसेक जण तरी झाले असतील. एकाकडेही नाही. शेवटी मुरारजी पेठेतल्या एका आजोबांनी दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून तो काढून दाखवला. आधी खर्जात, मग चढत चढत, दम संपेपर्यंत. पोरीने तोच फोनमध्ये घेतला. १८७७ साली इथली पहिली कापडगिरणी, म्हणजे 'जुनी गिरणी', सुरू झाली, मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली, जाम मिल आली. शंभर वर्षांहून अधिक काळ हे गाव ज्या आवाजावर उठलं आणि झोपलं, त्याची माझ्या हाती लागलेली प्रत एवढीच. एका म्हाताऱ्याने केलेली नक्कल.

मराठी पॉडकास्टबद्दल कुणी कौतुकाने बोलू लागलं की मला ती ओंजळ आठवते.

कौतुक खोटं नाही. मी स्वतः त्याचा पुरेपूर लाभार्थी आहे. महिन्यातून दोनदा मुलीकडे पुण्याला जातो. हुतात्मा एक्स्प्रेसचे चारेक तास पूर्वी पेपर वाचण्यात आणि शेजाऱ्याच्या राजकारणावरच्या मतांना मान डोलावण्यात जायचे. आता कानात बोंडं घालतो. एखादा इतिहासकार दोन तास निवांत बसून महसुलाची घडी कशी बसली होती ते उलगडतो. वर्तमानपत्रात त्याला सहाशे शब्द मिळाले असते आणि टीव्हीवर चाळीस सेकंद, तेही शेजारचा पाहुणा ओरडत असताना. एखादी गायिका मधेच थांबते, एक जागा गाऊन दाखवते, परत बोलू लागते. हे सुख नवं आहे. पॉडकास्ट हा शब्दच मुळी २००४ सालचा, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची मोट बांधून एका इंग्रज पत्रकाराने जाता जाता लिहिलेला. आयपॉड बंद पडला, शब्द मात्र चालला.

पण गेल्या दोनेक वर्षांत मी जे ऐकलं त्यातल्या पाहुण्यांची मनातल्या मनात यादी केली. नट. दिग्दर्शक. समाजमाध्यमांवर गाजलेला डॉक्टर. निवृत्त अधिकारी. नुकतंच पुस्तक आलेला लेखक. आज यांच्या खुर्चीत, पुढच्या आठवड्यात त्यांच्या. किस्सेही तेच. सांगणाऱ्याला ते इतके पाठ झालेत की हशा कुठे येणार त्यासाठी तो आधीच श्वास घेऊन थांबतो. 'रोजचं जगणं' म्हणून जे भाग येतात त्यात मोबाइलचं व्यसन, ऑफिसचा ताण, मुलांच्या शाळेची निवड, सासू-सुनेने एकत्र राहावं की न राहावं. हेही कुणाचं तरी रोजचं जगणं आहेच, मला ते हिणवायचं नाही. फक्त ते ज्या चार-पाच उपनगरांत जगलं जातं तिथलेच लोक त्यावर बोलतात, तिथेच ते रेकॉर्ड होतं, आणि ऐकणाऱ्याला हळूहळू वाटू लागतं की मराठी माणसाचं जगणं म्हणजे हेच.

माझं म्हणणं असं आहे. कला, संस्कृती, इतिहास, रोजचं जगणं यांवर बोलणाऱ्यांची मराठीत आता वानवा नाही. वानवा आहे ती ज्यांच्याविषयी बोललं जातं त्यांच्या आवाजाची. ती भरून काढणं हे चार हौशी पोरांवर सोडून देण्याजोगं काम नाही. महापालिका, विद्यापीठ, वाचनालयं यांनी त्यात पैसा घालावा. आणि घालावा तो एपिसोड काढण्यात नको, निव्वळ रेकॉर्डिंग करून ठेवण्यात घालावा. हा फरक मला कुठे कळला ते आधी सांगतो.

भोंग्याच्या प्रकरणानंतर मला चळ लागला. ओळखीतल्या एक अक्का आहेत, विडी कामगार, घरकुलात राहतात. घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. वय सत्तरीला टेकलेलं, विड्या वळणं अजून चालू. म्हटलं, यांच्यापासून सुरुवात करू. फोन घेतला, चांगला माईक कुणाकडून तरी मागून आणला, आणि पॉडकास्टमध्ये बघितलं होतं तसं त्यांना खुर्चीवर बसवून समोर बसलो. "अक्का, तुमच्या लहानपणाबद्दल सांगा." अक्का पदर सारखा करून म्हणाल्या, "काय सांगू भाऊ, होतं की." पुढचा प्रश्न. "बरं होतं." त्याच्या पुढचा. "चाललं." वीस मिनिटांत मी घामाघूम. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या जणू सरकारी सर्व्हेला आलेल्या माणसाला उत्तरं देतायत.

मग त्या कंटाळल्या. "तू विचार, मी काम करते," म्हणून खाली बसल्या, सूप मांडीवर घेतलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं बाहेर आली. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कचाकच तुकडे पडू लागले. चिमूटभर तंबाखू, एक गिरकी, टोक मुडपलं, दोरा आवळला. आणि बाई बोलू लागली. मी न विचारता. आईने सातव्या वर्षी सूप हातात दिलं ते. शाळा तिसरीत सुटली ते. पंचवीसचं एक बंडल, चाळीस बंडलं झाली की हजार, आणि ती कारखान्यात मोजून देताना समोरचा माणूस कुठली विडी खराब म्हणून बाजूला टाकेल याची धाकधूक. नवऱ्याचा यंत्रमाग. दसऱ्याच्या आधी फुलं रचून त्याभोवती म्हणायची बतकम्माची गाणी, त्यातल्या दोन ओळी गुणगुणून दाखवल्या आणि हसून थांबल्या. कात्रीचा आवाज मधून मधून थांबे, तिथे मला कळे की आता काहीतरी जड येणार आहे.

एकदा त्यांनी उजव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली. टोकं गुळगुळीत, लखलखीत म्हणावीत अशी. पन्नास-साठ वर्षं पान चोळून रेषाच उरल्या नाहीत. रेशनच्या दुकानात अंगठा लावला तर उठत नाही. "मशिन म्हणतो, ह्यो अंगठा तुजा नाही," अक्का म्हणाल्या. "मी म्हणते, मग कुणाचा बाबा?"

खुर्चीत बसून हे वाक्य आलं नसतं. ज्यांची जीभ सरावलेली आहे त्यांच्यासाठी स्टुडिओ ठीक आहे. ज्यांचे हात सरावलेले आहेत त्यांच्याकडे माईकने स्वतः चालत गेलं पाहिजे आणि हातांना काम असतानाच तिथे असलं पाहिजे. मागावरच्या माणसाचंही तेच. धोट्याच्या खटखटीत आवाज स्वच्छ येत नाही म्हणून त्याला बाहेर बोलावलंत की तो मुकाट होतो. तो खटखटाट सहन करा. आयुष्यभर त्या खटखटाटावर आवाज चढवून बोलल्यामुळे तो घरीही मोठ्यानेच बोलतो, हीसुद्धा माहितीच आहे. जगाला सोलापुरी चादर ठाऊक आहे, तिला जीआय मानांकनही मिळालं आहे. ती विणणाऱ्याचा आवाज कसा असतो ते कुणाला ठाऊक आहे?

इथे कॅमेऱ्याबद्दल एक शब्द. पॉडकास्ट ही ऐकायची गोष्ट होती. आता ती बघायची झाली आहे. दोन खुर्च्या, मागे जांभळा दिवा, टेबलावर मग. कॅमेरा लावला की अक्कांनी आधी पोपडे आलेला भिंतीचा कोपरा झाकला असता, मग सुनेला नवी साडी आणायला पाठवलं असतं. आवाजाला गरिबी दिसत नाही. ऐकणाऱ्याने तिची कीव करायचीही सोय नाही. म्हणून मला निव्वळ आवाज जास्त सभ्य वाटतो.

आता भाषेचं. अक्कांच्या मराठीत मशिन पुल्लिंगी आहे, प्रमाण भाषेत ती चूकच ठरते. माझ्या एका मित्राची गोष्ट यापेक्षा वाईट. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत वाढलेला, मागावर काम केलेला, कविता करणारा. पुण्यातल्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं. रेकॉर्डिंगच्या आधी तिथल्या चुणचुणीत मुलीने गोड आवाजात सांगितलं, "सर, जरा प्रमाण भाषेत बोलाल का? आपला श्रोता सगळीकडचा आहे." बिचारा तासभर पाठ्यपुस्तक वाचल्यासारखा बोलला. मी तो भाग ऐकला. त्यात एकही चूक नाही आणि एकही जिवंत वाक्य नाही. परत आल्यावर पार्क चौकात चहाच्या गाडीवर त्याने तेच सगळं दहा मिनिटांत सांगितलं, दोन शिव्यांसकट, आणि चहावाल्याने गॅस बारीक करून ऐकलं.

आमच्या बोलीच्या वाट्याला सध्या दोनच गती आहेत. एक तर ती दुरुस्त केली जाते, नाही तर तिच्यावर हसलं जातं. "काय करलालास बे" एवढं म्हटलं की मोबाइलवरच्या विनोदी व्हिडिओचं काम झालं. गंभीर गोष्ट, दुःखाची गोष्ट, हिशेबाची गोष्ट याच बोलीत सांगितली जाते, हे त्या व्हिडिओंवर वाढलेल्या पोरांना कसं कळायचं?

आणि या गावात बोली तरी एक कुठे आहे? संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि त्या तैलाभिषेकाला म्हणतात यण्णीमज्जन. शब्द कन्नड. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांची वचनंही कन्नडच. मार्कंडेयाचा रथ नारळी पौर्णिमेला निघतो तेव्हा गल्ल्यांतून तेलुगू ऐकू येते. तिकडे विजापूर वेशीत दखनी. एकाच माणसाच्या तोंडी सकाळपासून रात्रीपर्यंत तीन भाषा होतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. आता गंमत बघा. पॉडकास्ट चढवायला गेलात की अर्जात भाषेचा एक रकाना येतो. त्यात एकच भाषा निवडायची असते. अक्कांचं रेकॉर्डिंग कुठल्या रकान्यात टाकू? मराठी म्हटलं तर बतकम्मा उपरी ठरते, तेलुगू म्हटलं तर रेशनचा अंगठा. यंत्राला हे कळत नाही याचा राग नाही. पण मराठी संस्कृतीवर बोलणारेही त्याच रकान्याच्या आकाराने विचार करू लागलेत, याचं वाईट वाटतं.

इतिहासाच्या भागांबद्दल माझी तक्रार जरा वेगळी आहे. सोलापूरवरचा कुठलाही भाग लावा, पहिल्या दोन मिनिटांत येतं की सोळा गावं मिळून सोलापूर झालं. ऐकायला छान आहे. शिलालेखांत मात्र या गावाचं नाव सोन्नलगी असं येतं, आणि सोलापूर हे त्यातून आलं असावं असं अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. बोलणाऱ्याने सोळा गावं जरूर सांगावीत, फक्त ही सांगोवांगी आहे की कुठे कोरलेलं आहे हेही सांगावं. पुस्तकात खाली टीप असते. कानाला टीप नसते. म्हणून आवाजात बोलणाऱ्यावर "हे मी अमुक ठिकाणी वाचलं" असं तोंडाने म्हणायची जबाबदारी जास्त येते, आणि नेमकं तिथेच सगळे बासरी वाजवतात.

बासरीवरून आठवलं. चार हुतात्म्यांवरचा एक भाग मी त्यांच्याच नावाच्या गाडीत ऐकला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, आणि सरकारने इथे मार्शल लॉ पुकारला. भागात हे सगळं होतं, बरोबर होतं, आणि फाशीच्या वेळी इतकं करुण संगीत होतं की समोरच्या बाकावरच्या आजीने मला पाणी विचारलं. पण मला हवं होतं ते त्यात नव्हतं, आणि असणार तरी कुठून? मार्शल लॉच्या त्या आठवड्यांत लोकांनी दळण कुठून आणलं? गिरणीला निघालेल्या बाईला शिपायाने अडवलं तर ती काय सांगायची? पोरं खेळायला बाहेर पडायची का? ज्यांना हे डोळ्यांनी आठवत होतं ती माणसं मी शाळेत असताना साठी-सत्तरीची होती. आमच्याच वाड्यात दोघं होती. आणि वाड्यात टेपरेकॉर्डरही होता. चांगला होता, लाल बटण दाबलं की रेकॉर्ड व्हायचं. त्यावर आम्ही रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. मधे निवेदक बोलू लागला की बटण सोडायचं, इतक्या काळजीने भरली.

ती चूक आम्ही एकदा केली, चालेल, पोरवय होतं. पण गिरणी कामगारांच्या बाबतीत आता ती दुसऱ्यांदा होतेय आणि या वेळी आम्ही पोरं नाही. साचाखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणाईच्या विभागात, उभं आयुष्य काढलेली माणसं सत्तरीच्या, ऐंशीच्या घरात आहेत. दर महिन्याला एखाद्याच्या दहाव्याला जातो. तिथे भाषणं होतात, "एक पर्व संपलं" वगैरे. पर्वाचं रेकॉर्डिंग कुणी केलेलं नसतं.

"मग करा की तुम्ही," असं मला सुनावलं जातं. करतोय, जमेल तेवढं. पण हौशी माणसाची हौस नेमकी चुकीच्या जागी संपते. तो तीन-चार जणांचं रेकॉर्डिंग करतो, त्याचे छाटून एपिसोड करतो, पाचव्या भागाला दोनशे श्रोते दिसतात, सहावा निघत नाही. मूळ रेकॉर्डिंग त्याच्या फोनमध्ये, फोन बदलला की गेलं. एपिसोड म्हणजे आजच्या श्रोत्यासाठी कापलेला तुकडा. आज काय रंजक वाटतं त्यावर ती कात्री चालते. पन्नास वर्षांनी कुणाला काय हवं असेल ते आज कापणाऱ्याला कसं कळणार? मला भोंगा हवा होता. १९७५ साली कुणी गिरणी कामगाराची मुलाखत घेतली असती तर मधे वाजलेला भोंगा त्याने व्यत्यय म्हणून कापूनच टाकला असता.

म्हणून म्हणतो, सार्वजनिक पैसा कच्च्या रेकॉर्डिंगला द्या. न कापलेलं, तारीख-ठिकाण सांगून सुरू केलेलं, कोण बोलतंय, कुठल्या भाषांत बोलतंय ते लिहून ठेवलेलं. ते हिराचंद नेमचंदसारख्या वाचनालयात राहू दे, विद्यापीठात राहू दे, दोन्हीकडे एकेक प्रत असेल तर उत्तम. त्यातून एपिसोड ज्याला करायचे त्याने करावेत, पुण्याच्या स्टुडिओनेही करावेत, जांभळा दिवा लावून करावेत.

खर्चाचं कारण मला कुणी सांगू नये. हिशेब साधा आहे. चांगल्या प्रतीचं एकेरी वाहिनीचं रेकॉर्डिंग तासाला ३२० एमबीच्या आत बसतं. पाचशे तासांचं झालं सुमारे १६० जीबी, म्हणजे शर्टाच्या खिशात मावणारी डिस्क. पाचशे तास म्हणजे दोन तासांप्रमाणे अडीचशे माणसं. एखाद्या चौकातल्या कारंज्याला, जे उद्घाटनानंतर महिनाभरात बंद पडतं, त्याहून हे स्वस्त पडावं. खरा खर्च माणसांचा आहे. चार भाषांतलं कळणारी, घाई नसलेली, खाली बसता येणारी चार-सहा मुलं-मुली लागतील. दयानंद, संगमेश्वरसारख्या कॉलेजांत अशी मुलं आहेत. पूर्व भागातली जी मुलगी घरी तेलुगू बोलते म्हणून वर्गात बुजते, ती या कामात सगळ्यांच्या पुढे असेल.

आणि बोलणाऱ्याला पैसे द्या. हे म्हटलं की चांगली माणसं कावरीबावरी होतात, "आठवणींचे कसले पैसे?" स्टुडिओत जाणाऱ्या नटाला आपण गाडी पाठवतो. अक्कांनी माझ्यासाठी हात थांबवला तर तासाला शंभरेक विड्या बुडतात. ती बुडीत मजुरी कुणी भरायची? दुसरी गोष्ट परवानगीची. अक्का बोलता बोलता कारखान्यातल्या एका माणसाविषयी असं काही बोलून गेल्या की ते उद्या बाहेर आलं तर त्यांच्या सुनेला पानं मिळायची बंद होतील. तो भाग मी कुणाला ऐकवलेला नाही. रेकॉर्डिंग ठेवणाऱ्याकडे कुलूप हवं, आणि किल्ली कधी फिरवायची ते बोलणाऱ्याने ठरवायला हवं. वीस वर्षांनी, मेल्यावर, कधीच नाही, जे म्हणेल ते. आज सगळीकडे चढवून मोकळं व्हायची जी घाई आहे त्यात हा विचार कुणी करत नाही, म्हणून तरी हे काम संस्थेकडे हवं.

कुणी म्हणेल, सरकारी पैशाने आवाजाचं काम कधी चांगलं झालंय? झालंय की. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीने गीतरामायण आठवड्याला एक गीत याप्रमाणे छप्पन्न गीतांत ऐकवलं. लोक ठरलेल्या वेळी रेडिओपाशी येऊन बसायचे. सरकारी नोकरीतली माणसं आणि सरकारी स्टुडिओ होता तो. माझी मागणी तर त्याहून फार लहान आहे. मला गदिमा नकोत, बाबूजी नकोत. बटण दाबून गप्प बसणारं कुणीतरी हवं.

पॉडकास्ट म्हणजे आजचं कीर्तन, असंही हल्ली ऐकू येतं. मला हे पटत नाही. कीर्तनकार चुकला तर टाळकऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतं, पुढे बसलेली म्हातारी "असं न्हाई महाराज" म्हणू शकते. पॉडकास्टमध्ये समोर बसलेला यजमान दर वाक्याला "क्या बात है" म्हणतो. तेवढं असो.

सगळ्यात टोकाचा आक्षेप, आणि खरा, असा आहे की हे पाचशे तास ऐकणार कोण. खरं सांगायचं तर आज कुणीच नाही. भीमा-सीनेच्या संगमावर, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, हत्तरसंग कुडल आहे. तिथलं ३५९ मुखांचं शिवलिंग बघायला लोक जातात. तिथेच संगमेश्वराच्या देवळात तुळईवर एक लेख कोरलेला आहे, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. बहुतेक मजकूर संस्कृत, आणि शेवटी एक ओळ मराठीत: "वाछि तो विजेया होईवा". जो वाचील तो विजयी होईल. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, तोवर साडेनऊशेहून जास्त वर्षं ती ओळ वाचणाऱ्याची वाट बघत होती. मी तिथे दोनदा गेलोय, मान वर करून बघितलंय. कोरणाऱ्याने छिन्नी हातात घेताना "श्रोते किती मिळतील" असं विचारलं नाही, हे उघड आहे. पण माझ्या मनात येतं ते वेगळंच. संस्कृतात सगळं लिहून झाल्यावर त्याला शेवटची ओळ रोजच्या बोलीत का लिहावीशी वाटली असेल? तेव्हाही कुणी त्याला म्हटलं असेल का, अहो, जरा प्रमाण भाषेत?

अक्कांच्या रेकॉर्डिंगकडे परत येतो. ते सगळं मिळून दोन तास दहा मिनिटांचं आहे. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला गल्लीतून कुणीतरी ओरडतं, "नीळ्ळू वच्चिनय्!" पाणी आलं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे त्या हाकेपुढे माईक काय आणि मी काय. सूप खाली ठेवल्याचा आवाज, मग पावलं. पुढची अकरा मिनिटं टेपवर अक्का नाहीतच. नळाची धार आधी बादलीत, मग घागरीत, भांडं भरत आलं की बदलत जाणारा तिचा सूर, प्लास्टिकचे हंडे ओढल्याचा खरखराट, शेजारणीशी नळीवरून झालेला छोटासा तंटा, तोही अर्धा तेलुगू, अर्धा मराठी. कुठलाही एडिटर हे सगळं उडवेल. मी ते आतापर्यंत चार वेळा ऐकलंय.

मग पावलं परत येतात, पदराला हात पुसल्यासारखं काहीतरी ऐकू येतं, कात्री सुरू होते. "हां, काय विचारत होतास?" मला आठवेना. अक्कांनाही आठवलं नाही. त्यांनी भलतंच सुरू केलं, त्यांच्या आईचं. करीमनगरकडच्या खेड्यातून नवऱ्यामागे सोलापूरला आलेली बाई, कडेवर मूल, पहिली रात्र. पहाटे भोंगा झाला. असा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. तिला वाटलं काहीतरी जनावर गावात शिरलंय, म्हणून मूल उचलून ती तशीच गल्लीत धावत सुटली. बाहेर अंधारात सगळी माणसं डबे घेऊन शांतपणे एकाच दिशेने चालली होती. कुणीच पळत नव्हतं.